घरातले इंटरनेट गोठ्यापर्यंत आणि विहिरीपर्यंत



आजचे भाषण पिकाचे नाही, खताचेही नाही. पण विषय शेतीचाच आहे. पंचायतीपर्यंत प्रकाशतंतूची केबल नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. पुढे खासगी केबलवालेही गावात आले. आज पुष्कळ घरांत ओसरीच्या भिंतीवर राऊटरची पेटी लुकलुकताना दिसते. मुलांचा अभ्यास, सातबाराचा उतारा, बाजारभाव, हवामानाचा अंदाज ही कामे घरात बसून होतात. अडचण येते ती उंबऱ्याबाहेर. गोठा साठ मीटरवर, विहीर साडेतीनशे मीटरवर, आणि राऊटरचा जोर मात्र अंगणातल्या तुळशीपाशीच संपतो.

आता कोणी म्हणेल, गोठ्यात इंटरनेट कशाला हवे? त्यांना विचारावेसे वाटते की म्हैस व्यायला झाली असताना रात्रीतून चार वेळा बॅटरी घेऊन कोण उठते? जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांतील उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. पावसाळ्यात बांधावर साप निघतात. मोटर चालू झाली की नाही, एवढेच पाहायला रात्री विहिरीवर जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे. गोठ्यात एक कॅमेरा आणि विहिरीवर एक कॅमेरा असला, तर यातल्या निम्म्याअधिक फेऱ्या वाचतात. म्हणूनच घरातले हे जाळे शिवारात कसे वाढवायचे, कोठे तार घालायची आणि कोठे बिनतारी यंत्र लावायचे, ते आज पाहू.

पाण्याच्या हिशेबाने समजून घ्या

आपल्याला पाइपलाइनचे गणित समजते, तसेच हे गणित आहे. बाहेरून येणारे कनेक्शन ही विहीर. राऊटर हा विहिरीवरचा मुख्य व्हॉल्व्ह. तार म्हणजे बंद पाइप: जेवढे पाणी सोडले तेवढे टोकाला पोचते. वाय-फाय म्हणजे तुषार सिंचन: जवळ भरपूर, लांब गेले की थेंब थेंब, आणि मध्ये भिंत आली की कोरडेच.

यातून पहिली गोष्ट लक्षात घ्या. पाइपलाइन वाढवली म्हणून विहिरीचे पाणी वाढत नाही. आपले कनेक्शनच मंद असेल, तर कितीही यंत्रे जोडली तरी वेग वाढणार नाही. राऊटरच्या शेजारी उभे राहून मोबाइलवर वेग पाहावा. तिथे ठीक आणि माडीवर मंद असेल, तरच जाळे वाढवायचे काम हाती घ्यावे. राऊटरपाशीच मंद असेल, तर आधी कनेक्शन देणाऱ्याकडे तक्रार करावी.

आधी कागदावर नकाशा काढा

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर घर, गोठा, शेड, विहीर मांडा. अंतर पावलांनी न मोजता टेपने मोजा. मध्ये काय काय येते ते लिहा: दगडी भिंत, पत्र्याचे छप्पर, आंब्याचे झाड, उसाचा फड, रस्ता, विजेचे खांब. पत्रा बिनतारी लहरी जवळजवळ पूर्ण अडवतो. जाड दगडी भिंत आणि सळईचा स्लॅब त्यांचा जोर बराच कमी करतात. ओल्या पानांत पाणी असते, म्हणून झाडी आणि ऊसही लहरी शोषून घेतात. उन्हाळ्यात चालणारी जोडणी भर पावसाळ्यात का बंद पडते, याचे उत्तर पुष्कळदा इथेच सापडते.

मोबाइलवर लहरींचा जोर मोजणारी ॲप्स मिळतात. त्यांतले आकडे उणे असतात. उणे ६५ च्या आसपास आकडा असेल तर जोर चांगला समजावा. उणे ७५ च्या खाली, म्हणजे उणे ८० किंवा ८५, आला तर तिथे भरवसा धरू नये. नकाशावर जागोजागी हे आकडे लिहून ठेवावेत.

घरातल्या घरात: तांब्याची तार

घरात माडीवर किंवा मागच्या खोलीत जोर पोचत नसेल, तर तार हाच सर्वांत खात्रीचा उपाय. कॅट ५ई किंवा कॅट ६ या नावाची केबल घ्यावी. तिच्यात आठ बारीक तारा, म्हणजे चार जोड्या, असतात. या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे एकच सलग तुकडा टाकला तर जोडणी तुटक चालते किंवा मुळीच चालत नाही.

केबल घेताना एक फसवणूक होते, ती सांगतो. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘सीसीए’ असे लिहिलेले आढळते. ब्लेडने तार खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती केबल परत करा. अशी तार लवकर तुटते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज पाठवली तर ती वाटेतच कमी होते.

टोकाला जॅक बसवताना रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखाच ठेवावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा नीट बसल्या पाहिजेत. दोनच जोड्या लागल्या तर जोडणी चालते, पण वेग सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर जात नाही, आणि माणूस उगाच राऊटरला दोष देत बसतो.

दुसरा राऊटर जोडताना: एका पाटावर एकच पाटकरी

तारेच्या दुसऱ्या टोकाला ‘ॲक्सेस पॉइंट’ नावाचे यंत्र लावले की तिथून नवे वाय-फाय सुरू होते. घरात जुना राऊटर पडून असेल तर तोही या कामी येतो. मात्र तीन गोष्टी कराव्या लागतात.

राऊटर घरातल्या प्रत्येक मोबाइलला आणि यंत्राला एक क्रमांक वाटून देतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. आता एका पाटावर दोन पाटकरी नेमले आणि दोघांनीही आपापल्या मनाने पाळ्या वाटल्या, तर काय होईल? भांडणे होतील. इथेही तेच होते. मोबाइल ‘जोडले आहे’ असे दाखवतो, पण काहीच उघडत नाही. म्हणून पहिली गोष्ट: जुन्या राऊटरमधील डीएचसीपी बंद करावे. दुसरी: त्याचा स्वतःचा क्रमांक बदलावा. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्यावा, आणि हा क्रमांक मुख्य राऊटर दुसऱ्या कोणाला वाटणार नाही असे पाहावे. तिसरी: आलेली केबल ‘लॅन’ लिहिलेल्या भोकात लावावी, ‘वॅन’ लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या भोकात लावू नये. या बदलांच्या वेळी दोन्ही राऊटर एकमेकांना जोडू नयेत. सगळे बदल झाल्यावरच केबल लावावी.

दोन्हीकडे वाय-फायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवले तर माणूस खोली बदलेल तसा मोबाइल आपोआप जोडणी बदलतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका यंत्राला चॅनेल १, दुसऱ्याला ६ आणि तिसरे असल्यास ११ द्यावे, म्हणजे ती एकमेकांच्या आड येत नाहीत.

आणखी एक खूण सांगतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही थोड्याफार पार होतात, पण वेग कमी देतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेग जास्त देतात, पण भिंतीपुढे नमतात. वाय-फायचे स्विच आणि ठिबकचे छोटे नियंत्रक पुष्कळदा २.४ वरच चालतात. नवे यंत्र मोबाइलशी जुळत नसेल, तर मोबाइल २.४ वर आहे ना, ते आधी पाहावे.

रिपीटरविषयी

दुकानदार प्रथम रिपीटर दाखवतो, कारण तो खटक्यात लावला की काम झाले. त्याला तार लागत नाही हे खरे. पण विटांची घमेली एका माणसाकडून दुसऱ्याकडे देताना मधला माणूस एक तर घेतो, नाहीतर देतो. दोन्ही एकदम त्याला जमत नाही. साध्या रिपीटरचेही तसेच होते, म्हणून त्यातून मिळणारा वेग साधारण निम्मा होतो. एका खोलीची सोय करायची असेल तर तो जरूर लावावा. मात्र जिथे लहरी मेलेल्या आहेत तिथे लावू नये. जिथे जोर अजून चांगला आहे अशा अर्ध्या वाटेवर लावावा. रिपीटरला रिपीटर जोडत विहिरीपर्यंत जाण्याच्या भरीला मात्र पडू नये.

‘मेश’ नावाचे दोन-तीन यंत्रांचे संचही मिळतात. मोठ्या घराला ते चांगले. त्यांनाही एकमेकांशी तारेने जोडता आले तर ती अधिक भरवशाने चालतात.

गोठ्यापर्यंत: प्रकाशतंतू

गोठा साठ मीटरवर आहे, म्हणजे तांब्याच्या केबलच्या मर्यादेत बसतो. तरीही एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची तार नेऊ नये, असे माझे सांगणे आहे. कारण आकाशातली वीज. जवळपास वीज पडली की जमिनीवरून गेलेल्या लांब तारेत विजेचा जोरदार झटका तयार होतो, आणि तो राऊटर, कॅमेरा, टीव्ही जे जे जोडलेले असेल ते जाळून टाकतो. त्या वेळी त्या यंत्राला कोणाचा हात लागलेला असेल तर जिवावर बेतते. शिवाय घराचे अर्थिंग आणि गोठ्याचे अर्थिंग वेगळे असते. त्यांतल्या फरकामुळेही तारेतून नको तो प्रवाह वाहतो.

प्रकाशतंतू काचेचा असतो. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्याला १०० मीटरची मर्यादाही नाही, तो किलोमीटरच्या हिशेबात चालतो. घराकडे एक आणि गोठ्याकडे एक अशी ‘मीडिया कन्व्हर्टर’ची जोडी लागते. एकाच तंतूवर चालणारी जोडी घेतली तर तिच्यावर ए आणि बी अशा खुणा असतात. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी लावावा. दोन्हीकडे ए लावला तर दिवा लागणार नाही. तंतूची टोके जोडायला यंत्र लागते, ते केबलवाल्याकडून करून घ्यावे. टोके बसवून तयार असलेली केबलही मिळते.

येथे तीन सावधगिऱ्या आहेत. काही केबलींत बळकटीसाठी पोलादी तार असते. ती घेतली तर वीज पुन्हा त्या तारेवरून येईल, म्हणून धातू नसलेली केबल मागावी. केबलला काटकोनात दुमडू नये, मोठा गोल वळसा द्यावा. आणि तंतूच्या टोकात डोळा लावून पाहू नये. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो. कापलेले काचेचे बारीक तुकडे चिकटपट्टीवर गोळा करून टाकावेत, गोठ्याच्या जमिनीवर पडू देऊ नयेत.

केबल काळ्या एचडीपीई पाइपातून, निदान दोन फूट खोल, शक्यतो बांधाच्या कडेने न्यावी, म्हणजे नांगर लागत नाही. मोटारीच्या वीजवाहक केबलपासून निदान फूटभर लांब ठेवावी. पाइपात एक जादा नायलॉनची दोरी ओढून ठेवावी. पुढे केबल बदलायची झाल्यास चर पुन्हा खोदावा लागत नाही. दोन्ही तोंडे घट्ट बंद करावीत, नाहीतर उंदीर आत शिरतात. पुरण्यापूर्वी केबल जमिनीवर अंथरून दोन दिवस चालवून पाहावी, आणि मगच माती लोटावी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कोणतीही केबल महावितरणच्या खांबाला बांधू नका आणि वीजवाहक तारांच्या खालून-वरून ओढू नका. वाऱ्याने तार तुटून आपल्या केबलवर पडली तर घरापर्यंत मरण येते.

विहिरीपर्यंत: बिनतारी पूल

साडेतीनशे मीटर चर खोदणे प्रत्येकाला परवडत नाही. मध्ये रस्ता किंवा दुसऱ्याचे रान असले तर शक्यही नसते. तिथे बाहेर लावायची बिनतारी जोडी वापरावी. दुकानात तिला ‘पॉइंट टू पॉइंट’ सेट म्हणतात. एक यंत्र घरावर, एक विहिरीवर, दोघांची तोंडे समोरासमोर. टॉर्चचा झोत जसा एका दिशेने जातो तसा यांचा झोत जातो, म्हणून लांब पल्ला मिळतो. ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत अशी यंत्रे वापरायला आपल्या देशात वेगळा परवाना लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तारित पट्टा २०१८ साली परवानामुक्त झाला.

अट एकच: एका यंत्रापासून दुसरे स्वच्छ दिसले पाहिजे. नुसती बारीक फट पुरत नाही. लहरींचा झोत मध्यावर फुगतो. साडेतीनशे मीटरला ५ गिगाहर्ट्झवर तो मध्यभागी वर-खाली सुमारे दोन-दोन मीटर पसरतो. म्हणून सरळ रेषा पिकाच्या शेंड्यापासून निदान सहा फूट वर जाईल असे पाहावे. ऊस बारा फूट वाढणार असेल, तर दोन्हीकडचे खांब अठरा फुटांचे हवेत. लागणीच्या वेळी रान मोकळे असते, म्हणून खांब ठेंगणे उभे केले जातात, आणि ऊस उंच झाला की जोडणी गायब होते. पीक पूर्ण वाढलेले आहे असे धरूनच खांबाची उंची ठरवावी.

या यंत्रांना एकाच केबलमधून संदेश आणि वीज दोन्ही जातात. याला पीओई म्हणतात. पण काही यंत्रे २४ व्होल्टवर चालतात, काही ४८ व्होल्टवर. एकाचा ॲडॅप्टर दुसऱ्याला लावला तर यंत्र जळू शकते. ॲडॅप्टरवर रंगाने खूण करून ठेवावी.

वीज कोठून द्यायची?

घरातला राऊटर वीज गेली की बंद पडतो. त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राऊटरच्या ॲडॅप्टरवर ९ व्होल्ट आहे की १२, ते वाचून त्याच मापाचा घ्यावा. फायबरची पेटी वेगळी असेल तर तिलाही त्याच्याशी जोडावे.

विहिरीवर शेतीची वीज बऱ्याच ठिकाणी पाळीने येते. ती नसेल तेव्हा कॅमेरा आंधळा. म्हणून तिथे सौर पॅनेल आणि बॅटरी लावावी. हिशेब असा: बिनतारी यंत्र आणि कॅमेरा मिळून १० वॅट धरले, तर चोवीस तासांत २४० वॅट-तास लागतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ते २० अँपिअर-तास झाले. दोन ढगाळ दिवस निभवायला ४० लागतील. साधी ॲसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ८० अँपिअर-तासांची घ्यावी. पॅनेल १०० वॅटचे असावे. आपल्या यंत्रांचे वॅट वेगळे असतील तर याच रीतीने आकडेमोड करावी.

वळवाचे ढग जमू लागले की विहिरीवर धावत जाऊ नये. घरातल्या घरात ॲडॅप्टर आणि केबल काढून ठेवावी, तीही गडगडाट सुरू होण्यापूर्वी. गडगडाट सुरू झाल्यावर कशालाही हात लावू नये. लोखंडी खांबाला आणि यंत्राला चांगले अर्थिंग द्यावे, ते माहितगार वायरमनकडून करून घ्यावे.

कॅमेऱ्याला किती इंटरनेट लागते?

साधा कॅमेरा सेकंदाला साधारण २ ते ४ मेगाबिट पाठवतो. २ धरले तरी एका तासात ०.९ गिगाबाइट आणि दिवसात २१.६ गिगाबाइट होतात. मोबाइलच्या सिमवर दिवसाला २ गिगाबाइट मिळत असतील, तर अखंड चित्रीकरण बाहेर पाठवल्यास ते सव्वादोन तासांतच संपतील. म्हणून चित्रीकरण कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर किंवा घरातल्या रेकॉर्डरवर ठेवावे. गोठ्यापासून घरापर्यंतचा प्रवास आपल्याच जाळ्यातून होतो, त्याला इंटरनेट खर्च होत नाही.

कुलूप लावायला विसरू नका

कॅमेरा आणि राऊटर विकत आणल्यावर त्यांचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. तो बदलला नाही तर आपले अंगण परका माणूस पाहू शकतो. वाय-फायला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ हे कुलूप ठेवावे. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ नावाने वेगळे वाय-फाय सुरू करावे. सगळे पासवर्ड वहीत लिहून वही कपाटात ठेवावी.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. आधी राऊटरपाशी वेग तपासा, मग नकाशा काढा.
२. घरात शुद्ध तांब्याची केबल, १०० मीटरच्या आत.
३. क्रमांक वाटणारा राऊटर जाळ्यात एकच.
४. रिपीटर अर्ध्या वाटेवर, तोही एकच.
५. दोन इमारतींमध्ये धातू नसलेला प्रकाशतंतू.
६. लांब पल्ल्याला बिनतारी जोडी. रेषा पिकाच्या वर सहा फूट.
७. विजेच्या खांबापासून दूर, गडगडाटात हात नाही.
८. मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

बंधू-भगिनींनो, सगळे एकदम करू नका. या हंगामात घरातली तार नीट करा, पुढच्या हंगामात गोठा, आणि मग विहीर. कॅमेरा गुरांची निगा राखत नाही, ती आपल्यालाच राखावी लागते. पण रात्री दीड वाजता अंथरुणातच कळले की म्हैस शांत बसली आहे आणि मोटर पाणी फेकते आहे, तर अंधारातली एक फेरी वाचली, आणि तेवढी झोप पदरात पडली. हे पत्रक जपून ठेवा, शेजाऱ्यालाही वाचायला द्या.